वाहनांच्या चाकांचे अलाइनमेंट वारंवार का बिघडते?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे स्थान महाराष्ट्रात ओळखले जाते ते तेथील साखर कारखान्यामुळे. महाकाळा गावाच्या शिवारात उभा असलेला समर्थ सहकारी साखर कारखाना जालन्याचे माजी खासदार अंकुशराव टोपे यांचे नाव आज धारण करतो. दक्षिणेस गोदावरीचे पात्र आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण १९७६ साली झाले आणि त्याचा डावा कालवा याच भागातून पुढे परभणीकडे जातो. पाण्याने ऊस आणला, उसाने कारखाना आणला आणि कारखान्याने रस्त्यावर चाके आणली. गळीत हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत बैलांच्या टायरगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाने भरलेले ट्रक गव्हाणीकडे येत राहतात. ज्या काळ्या जमिनीतून ऊस निघतो, त्याच जमिनीवर हे रस्तेही बांधलेले आहेत.

काळी माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील रस्त्याचा पृष्ठभाग त्यामुळे एकसारखा राहत नाही. त्यात जड वाहतुकीने चाकोऱ्या पडतात, डांबराच्या कडा तुटतात आणि साइडपट्टी खाली बसते. अशा रस्त्यांवरून पंचायत समितीची जीप, प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, शाळेची मुले नेणारी गाडी आणि आता अनेक शिक्षकांच्या व ग्रामपंचायत सदस्यांच्या स्वतःच्या मोटारी रोज धावत असतात. त्यांच्या चालकांची एक तक्रार सर्वत्र सारखीच ऐकू येते. गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरके राहते, टायर एका कडेने खातो. गाडी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन अलाइनमेंट करून आणावे, तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच.

यावर सामान्यतः जो उपाय होतो तो म्हणजे पुन्हा अलाइनमेंट. कार्यालयीन वाहनाच्या बाबतीत तर दर वेळी स्वतंत्र देयक येते, स्वतंत्र मंजुरी मिळते आणि ही देयके एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंगच येत नाही. वस्तुतः एकदा नीट केलेले अलाइनमेंट आपोआप बिघडत नसते. चाकाला आपल्या जागी धरून ठेवणारा एखादा भाग झिजलेला, वाकलेला किंवा सैल झालेला असल्याखेरीज ते वारंवार हलत नाही. यंत्र चाकाचा कोन किती चुकला आहे हे दाखविते. तो का चुकला, हे माणसाने शोधावयाचे असते. हा शोध न घेता केलेले दुसरे अलाइनमेंट म्हणजे गळक्या रांजणात पुन्हा पाणी भरण्यासारखे होय.

चाक सरळ असणे म्हणजे काय?

बैलगाडीची दोन चाके एका आसेवर असतात आणि वळताना बैल सबंध गाडीच वळवितात. मोटारीत तसे नसते. पुढील प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर स्वतंत्रपणे वळते आणि वळणावर आतील चाकाला बाहेरील चाकापेक्षा अधिक वळावे लागते, कारण त्याचे वर्तुळ लहान असते. ही गरज मोटारीच्या जन्मापूर्वीच ओळखली गेली होती. १८१७ साली म्युनिक येथील गाड्या बनविणारे गेओर्ग लँकेनस्पर्गर यांनी घोडागाडीसाठी अशी रचना शोधली. पुढील वर्षी इंग्लंडमध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी तिचे पेटंट घेतले आणि मूळ कारागिराऐवजी आकरमान यांचेच नाव तिला कायमचे चिकटले. मात्र दोन्ही चाके स्वतंत्र वळू लागली की ती परस्परांशी योग्य कोनात राहतील याची व्यवस्था करणे भाग पडते. या व्यवस्थेलाच अलाइनमेंट म्हणतात.

त्यात तीन कोन मुख्य आहेत. वरून पाहिले असता दोन्ही पुढील चाके समोरच्या बाजूस किंचित जवळ येत असतील तर तिला टो-इन व दूर जात असतील तर टो-आऊट म्हणतात. समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत किंवा बाहेर जेवढा कललेला असतो, तो कॅम्बर. तिसरा कॅस्टर. ज्या अक्षाभोवती चाक वळते तो अक्ष बाजूने पाहता मागे झुकलेला असतो. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरका असतो आणि हात सैल सोडले तरी धावती सायकल सरळ राहू पाहते, त्यात या तिरकेपणाचा वाटा असतो. मोटारीचे स्टिअरिंग वळणानंतर आपोआप मध्यावर परतते ते मुख्यतः कॅस्टरमुळे.

या तिन्हींत टायरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चुकलेला टो. गणिताच्या शिक्षकांना वर्गात सहज मांडता येईल असा हा हिशोब आहे. टायरचा व्यास सुमारे ६०० मिलिमीटर धरला आणि दोन्ही चाकांतील अंतरात पुढच्या व मागच्या बाजूस मिळून ६ मिलिमीटरचा फरक असावयास नको असताना पडला, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३ मिलिमीटर येतात. ६०० मिलिमीटर पुढे जाताना ३ मिलिमीटर आडवे, म्हणजे दर किलोमीटरला ५ मीटर आडवे घासणे. गाडी १०० किलोमीटर धावून आली की टायर जणू अर्धा किलोमीटर आडवा फरफटत आणलेला असतो. ६ मिलिमीटर म्हणजे शाळेच्या पट्टीवरील जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे अधिक अंतर. डोळ्यांना ते दिसत नाही, पण टायरला दिसते.

टायरची साक्ष

म्हणूनच तपासणीची सुरुवात यंत्रापासून न करता टायरपासून करावी. टायर हा वाहनाच्या गेल्या काही महिन्यांचा लेखी अहवालच असतो. दोन्ही कडा झिजलेल्या व मध्य शाबूत असेल तर हवा कमी ठेवली गेली आहे. मध्यच झिजला असेल तर हवा जास्त होती. फक्त एक कड झिजली असेल तर टो किंवा कॅम्बर चुकला आहे. या दोहोंतील भेद तळहाताने कळतो. टायरच्या पृष्ठभागावरून हात आडवा फिरविताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे धारदार लागले, तर दोष टोमध्ये आहे असे बहुतांशी समजावे. धारा आतील बाजूस वळलेल्या असल्यास टो-इन जादा, बाहेरील बाजूस वळलेल्या असल्यास टो-आऊट. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर अलाइनमेंटकडे बोट न दाखविता शॉकअब्सॉर्बर आणि चाकाचे बॅलन्सिंग पाहावे.

येथे एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. टो-आऊटमुळे टायरची आतील कड खाल्ली जाते आणि गाडी उभी असताना ही कड बाहेरून दिसतच नाही. बाहेरून टायर नवा वाटतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून, किंवा वाकून आरशाने, आतील कड पाहण्याची सवय चालकाने लावून घ्यावी.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग यांची गल्लत फार होते. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरणे हे सहसा बॅलन्सिंगचे लक्षण आहे, तर एका बाजूला ओढणे हे अलाइनमेंटचे किंवा टायरचे. अंकुशनगरसारख्या काळ्या मातीच्या भागात थरथरण्याचे एक अगदी साधे कारण पावसाळ्यात आढळते. पाणंद रस्त्यावरील चिकट चिखल रिमच्या आतील बाजूस एका जागी बसतो आणि तेथेच वाळून घट्ट होतो. चाकाचा तोल गेलेला असतो तो एवढ्यानेच. गाडी गॅरेजला नेण्यापूर्वी चाकांची आतील बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावी, कित्येकदा तक्रार तेथेच संपते.

ओढते कोठे आणि कशामुळे?

गाडी डाव्या बाजूला किंचित ओढते, ही तक्रार काही वेळा तक्रारच नसते. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे साधारण दोन ते अडीच टक्के उतार दिलेला असतो. डाव्या बाजूने चालणारी गाडी त्या उताराकडे सरकू पाहणारच. म्हणून परीक्षा शक्य तितक्या सपाट, मोकळ्या जागेत व कमी वेगात करावी आणि हात स्टिअरिंगपासून दूर नेऊ नयेत.

तेथेही ओढ कायम राहिली तर प्रथम चारही टायरची हवा टायर थंड असताना उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे भरावी. त्यानंतर पुढील दोन चाके एकमेकांच्या जागी बसवून पाहावीत (टायरवर फिरण्याची दिशा बाणाने दाखविलेली नसेल तरच). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरच्या अंगात आहे आणि अलाइनमेंटचा पैसा वाचला. ओढ तशीच राहिली तर ब्रेक पाहावा. काही अंतर ब्रेक न लावता गाडी चालवून थांबवावी आणि हात रिमजवळ सावधपणे न्यावा. एकच चाक इतरांहून बरेच गरम असेल तर त्याचा ब्रेक धरून राहिला आहे. हे सर्व निर्दोष ठरल्यावर कोनांची पाळी येते. सर्वसाधारणपणे गाडी ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूला, किंवा ज्या बाजूच्या चाकाचा माथा अधिक बाहेर कललेला त्या बाजूला ओढते.

परंतु या लेखाचा मुख्य प्रश्न वेगळा आहे. कोन एकदा बरोबर करूनही तो टिकत का नाही?

याचे उत्तर बहुतेक वेळा सांध्यांत सापडते. गाडी सपाट जागी उभी करून, मागील चाकांना दगड लावून, जॅकवर पुढील चाक उचलावे व गाडीखाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. नंतर चाक घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी धरून आलटून पालटून ढकलावे. खटका जाणवला तर टाय रॉडचे टोक किंवा स्टिअरिंगचा भाग झिजलेला आहे. बारा आणि सहाच्या जागी धरून हलविल्यास खटका लागला तर बॉल जॉइंट, जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये किंगपिन, अथवा चाकाचे बेअरिंग सैल आहे. एका माणसाने चाक हलवावे आणि दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवावे, म्हणजे खटका नेमका कोठून येतो ते कळते. काही गाड्यांत सांध्यावर स्प्रिंगचा ताण असल्याने चाक लोंबकळत असताना ढिलेपणा लपतो. तेथे गाडी जमिनीवर ठेवून, इंजिन बंद असताना, स्टिअरिंग थोडे डावे-उजवे हलवून घेऊन टाय रॉडच्या टोकांवर नजर ठेवावी.

या सांध्यांना रबरी टोपी असते. तिच्या आत वंगण असते आणि बाहेरची धूळ-चिखल आत जाऊ नये हेच तिचे काम. टोपी फाटली की मातीचे कण वंगणात मिसळून आतला गोळा घासला जातो. सांधा तेव्हा लगेच निकामी होत नाही आणि म्हणूनच कोणी लक्ष देत नाही. एका पावसाळ्यात मात्र तो सैल होतो. फाटलेली टोपी पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि चिखलाच्या प्रदेशात ते दर महिन्याला केले तरी वावगे नाही.

सांध्यांहून अधिक फसवे असतात ते खालच्या आर्मचे रबरी बुश. यंत्रावर गाडी उभी असते, ब्रेक लावलेला नसतो, रस्ता नसतो. फाटलेल्या बुशमधील आर्म अशा वेळी आपल्या जागी निवांत असतो आणि पडद्यावर सर्व आकडे हिरवे दिसतात. रस्त्यावर ब्रेक दाबताच किंवा खड्ड्यात चाक जाताच हाच आर्म मागे सरकतो आणि चाकाची दिशा बदलते. ‘यंत्राने बरोबर दाखविले, तरी टायर खातो’ या कोड्याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. गाडीखाली पहारीचा अर्धा हात आधाराने घालून आर्म हलकेच उचकटल्यास बुशची चीर उघडलेली दिसते.

बुश नवे घातले तरी ते लवकर फाटतात, अशीही तक्रार असते. सुटा भाग हलका असण्याची शक्यता आहेच, पण बसविण्याच्या घाईचाही दोष असू शकतो. या बुशच्या मध्यभागी लोखंडी नळी असते आणि बोल्ट आवळला की ती जागच्या जागी घट्ट धरली जाते. गाडी जॅकवर, चाके खाली लोंबकळत असताना बोल्ट पक्का आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. मग प्रत्येक खड्ड्यात तो पीळ वाढतो. गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच हे बोल्ट अखेरचे आवळावेत, असा दंडक आहे. काम करून घेणाऱ्याने समोर उभे राहून एवढी एक गोष्ट पाहिली तरी पुष्कळ आहे.

टाय रॉडची लांबी बदलून टो जुळवितात आणि मग लॉकनट आवळतात. हा नट अर्धवट आवळला गेला तर काही शे किलोमीटरनंतर रॉड आपोआप फिरू लागतो. चूक क्षुल्लक, पण तिचा शोध कोणी घेत नाही.

पाट्यांच्या कमानी असलेल्या जुन्या जीपचा आणि मालवाहू गाड्यांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. तेथे सरळ आस असते, कॅम्बर सहसा बदलता येत नाही. कमानीचे यू-बोल्ट सैल झाले किंवा पाट्यांमधील मधला बोल्ट तुटला, की सबंध आसच एका बाजूने मागे सरकते. याची परीक्षा साध्या टेपने होते. स्टिअरिंग सरळ ठेवून डाव्या बाजूला पुढील चाकाच्या मध्यापासून मागील चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे, तसेच उजव्या बाजूला मोजावे. काही गाड्यांत मुळातच थोडा फरक असतो, पण तो बोटभर निघाला तर आस सरकली आहे. अशा गाडीचे पुढचे टो कितीदाही जुळविले तरी ती खेकड्यासारखी तिरकीच चालेल.

एका बाजूची स्प्रिंग दबली असेल तर त्या बाजूची गाडी खाली बसते आणि चाकाचे कोन बदलतात. मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतची उंची दोन्हीकडे मोजून हे कळते. अपघातात किंवा मोठ्या खड्ड्यात वाकलेला आर्म अथवा नकल यांबाबत मात्र तडजोड नको. वाकलेला भाग तापवून सरळ करण्याची पद्धत अजूनही आढळते. स्टिअरिंगच्या भागांत ती धोकादायक आहे, कारण तापविलेल्या पोलादाचा मूळचा कणखरपणा जातो आणि तो भाग पूर्वसूचना न देता तुटू शकतो. तो बदललाच पाहिजे.

ओळंबा, खिळा आणि खडू

यंत्र जवळ नसेल तेथे टो साधारण बरोबर आहे की नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहता येते. कारखान्याच्या किंवा शाळेच्या आवारातील सपाट फरशी याला पुरेशी आहे. पुढील चाके एकेक करून उचलावी आणि चाक हाताने फिरवीत टायरच्या मध्यावर, स्थिर आधारावर धरलेल्या खिळ्याने, सभोवार एक बारीक रेषा ओढावी. रिम किंचित वाकडी असली तरी ही रेषा चाकाच्या फिरण्याशी प्रामाणिक राहते. गाडी खाली उतरवून पुढचा भाग दोन-तीन वेळा दाबून सोडावा, काही फूट पुढे ढकलावी व स्टिअरिंग सरळ ठेवावे. आता चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर, टायरच्या पुढील बाजूस, रेषेवर दोन्ही चाकांना खडूची खूण करावी. तेथून ओळंबा सोडून फरशीवर ठिपके घ्यावेत. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलावी, म्हणजे त्याच खुणा फिरून मागील बाजूस त्याच उंचीवर येतील. पुन्हा ओळंबा सोडून ठिपके घ्यावेत. पुढच्या दोन ठिपक्यांतील आणि मागच्या दोन ठिपक्यांतील अंतरांची वजाबाकी म्हणजे टो. गाडी पुढेच ढकलावी, मागे नव्हे, कारण मागे ढकलल्यास सांध्यांतील ढिलेपणा उलट बाजूला जातो.

मिळालेला आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. मागील चाके ओढणाऱ्या गाड्यांना बहुधा थोडा टो-इन दिलेला असतो, तर पुढील चाके ओढणाऱ्या अनेक मोटारींत तो शून्याच्या आसपास असतो. सर्व गाड्यांना एकच माप लावू नये. या पद्धतीने कॅम्बर व कॅस्टर कळत नाहीत, आणि ती यंत्राची जागाही घेत नाही. यंत्रावर नेण्याची वेळ आली आहे का, एवढे ती सांगते. आठवी-नववीच्या मुलांकडून हा प्रयोग करून घेतल्यास कोनांचा धडा फळ्यावरून फरशीवर उतरेल.

यंत्रावरून परत येताना

सांधे, बुश आणि टायर ठीक करून घेतल्यानंतरच अलाइनमेंट करावे आणि ते चारही चाकांचे असावे. मागील चाके तिरकी असतील तर गाडीची चाल त्यांच्याकडून ठरते आणि चालकाला स्टिअरिंग वाकडे धरूनच सरळ जावे लागते. मागील चाकांचे कोन ज्या गाडीत बदलता येत नाहीत, तेथेही ते पाहून त्यांच्या दिशेला पुढील चाके जुळविता येतात. स्टिअरिंग मध्यावर नसेल तर दोन्ही टाय रॉड सारख्या प्रमाणात फिरवून ते सरळ करावे. स्टिअरिंगचे चाक काढून दाते बदलून बसविणे ही पळवाट आहे. अलीकडील गाड्यांत एअरबॅग आणि स्टिअरिंगचा कोन मोजणारे सेन्सर असल्याने ती घातकही ठरू शकते.

यंत्रातून छापील कागद मिळतो, त्यावर कामापूर्वीचे आणि कामानंतरचे आकडे असतात. बहुतेक वेळा हा कागद देयकाबरोबर लेखा शाखेत जातो आणि त्याचे आयुष्य तेथे संपते. त्याची एक प्रत वाहनाच्या लॉगबुकात चिकटवावी, सोबत किलोमीटरचा आकडा आणि तारीख. याचा उपयोग उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या कार्यालयाच्या गाडीचे अलाइनमेंट नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च अशा तीन वेळा झाले आणि तिन्ही कागदांवर कामापूर्वीच्या रकान्यात डावे पुढील चाकच प्रत्येक वेळी बाहेर उघडलेले आहे, उजवे मात्र जागच्या जागी आहे. तीन स्वतंत्र देयकांत हे दिसणार नाही. शेजारी ठेवलेल्या तीन कागदांत ते कोणालाही दिसेल, आणि कारागिराला ‘अलाइनमेंट करा’ असे न सांगता ‘डाव्या बाजूचा आर्म, बुश आणि टाय रॉडचे टोक पाहा’ असे सांगता येईल. उलट, दर वेळी वेगवेगळे चाक चुकलेले आढळले तर मोजणीच काळजीपूर्वक होत नसावी, अशी शंका घ्यावी आणि दुसऱ्या ठिकाणी मोजून पाहावे.

डावे चाकच का, यालाही कारण आहे. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या आल्या की लहान गाडी डावीकडे साइडपट्टीवर उतरते. तेथे डांबराची कड वीतभर उंच राहिलेली असते. ट्रॉल्या गेल्यावर चालक गाडी पुन्हा वर घेतो तेव्हा डावे चाक त्या कडेला तिरके घासत चढते आणि तो आडवा धक्का थेट टाय रॉड व आर्म सोसतात. एका फेरीत असे दहा प्रसंग येतात. वेग अगदी कमी करून, चाक कडेला शक्य तितके काटकोनात आणून चढविले तर धक्का बराच कमी होतो. सर्व दोष चालकाच्या माथी मारण्याची पद्धत मात्र न्याय्य नाही. टायर लवकर झिजला म्हणून त्याच्याकडून खुलासा मागविण्यापूर्वी गाडी कोणत्या बाजूला ओढते, कोणत्या वेगाला थरथरते, आवाज वळताना येतो की ब्रेक लावताना, हे त्याला विचारावे. गाडीखाली कोणीही पाहिलेले नसताना हे त्याच्या हातांना कळलेले असते.

पूर्वी तालुक्याच्या रस्त्यावर अशी गाडी वेगाच्या मर्यादेमुळेच सांभाळली जात असे. ताशी चाळीस किलोमीटरला सैल सांधा फक्त खडखडतो. आता परिस्थिती पालटली आहे. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. सकाळी शेतरस्त्यावरून गावात फिरलेली गाडीच दुपारी त्या महामार्गावर चढते. आतील कड तारांपर्यंत झिजलेला टायर सतत वेगाने तापत राहिला तर तो फुटण्याचा धोका असतो. नियमानुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली निदान १.६ मिलिमीटर असली पाहिजे आणि ती बाहेरच्या कडेवर मोजून भागत नाही. रुग्णवाहिकेच्या बाबतीत तर हे मोजमाप रुग्ण आत असताना नव्हे, गाडी केंद्रात उभी असतानाच झाले पाहिजे.

रस्त्याच्या बाजूने करावयाचे कामही आहे. डांबराची कड आणि साइडपट्टी यांतील फरक मुरूम भरून व दाबून काढला तर या धक्क्यांचे मूळच कमी होते. गळीत हंगाम संपल्यावर आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी जे थोडे आठवडे मिळतात ते यासाठी सर्वांत सोयीचे, कारण नंतर काळ्या मातीत टाकलेला मुरूम खचतो. गावरस्त्यांवरील अशा जागा ग्रामपंचायत सदस्यांना आणि रोज त्या वाटेने जाणाऱ्या शिक्षकांना नेमक्या ठाऊक असतात. मोरीजवळची तुटलेली कड, शाळेच्या वळणावरचा खड्डा, काट्याकडे जाणाऱ्या फाट्यावरील चाकोऱ्या यांची जागेसह यादी करून ती एप्रिलमध्येच संबंधित उपविभागाकडे द्यावी. त्याच महिन्यात कार्यालयाच्या गाडीचे पुढचे चाक जॅकवर चढवून तीन-नऊ आणि बारा-सहाची परीक्षाही उरकून घ्यावी, म्हणजे फाटलेल्या टोप्या पहिल्या चिखलापूर्वी बदलता येतील.